ज्युडिथ मेरिल आणि ज्युडी-लिन डेल रे: गल्लत नेमकी कुठे होते

अमेरिकी विज्ञानकथेच्या इतिहासात एक ज्युडी सारखी भेटत राहते. ती न्यूयॉर्कमध्ये वाढलेली असते, तिचा नवरा विज्ञानकथा लिहीत असतो, ती स्वतः संपादक असते आणि भलेभले लेखक तिच्या शब्दाला वचकून असतात. सनावळी जुळवायला गेलं की मात्र घोळ होतो. १९५६ मध्ये वार्षिक संकलन काढणारी बाई १९४३ मध्ये जन्मलेली कशी असेल? उत्तर साधं आहे. त्या दोघी आहेत.

ज्युडिथ मेरिल १९२३ मध्ये बॉस्टनला जन्मली आणि १९९७ मध्ये टोरोंटोत वारली. ज्युडी-लिन डेल रे तिच्याहून वीस वर्षांनी धाकटी. जन्म १९४३, मृत्यू १९८६, म्हणजे उणंपुरं त्रेचाळीस वर्षांचं आयुष्य. दोघींचीही आडनावं घराण्याची नव्हेत, हा एक गमतीचा योगायोग. ‘मेरिल’ हे ज्युडिथच्या थोरल्या लेकीचं नाव. लेखनासाठी आईने तेच आडनाव म्हणून उचललं. ‘डेल रे’ हे ज्युडी-लिनच्या नवऱ्याचं, लेखक लेस्टर डेल रे याचं. पण त्याचंही खरं नाव लेनर्ड नॅप होतं.

घोळात भर घालणारा आणखी एक माणूस आहे, फ्रेडरिक पोल. तो मेरिलचा दुसरा नवरा. हे लग्न पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच मोडलं. पुढे पोल ‘गॅलक्सी’ या विज्ञानकथा-मासिकाचा संपादक झाला, आणि १९६५ मध्ये त्याच मासिकाच्या कचेरीत ज्युडी-लिन बेंजामिन नावाची तरुणी किरकोळ कामांसाठी रुजू झाली. तीच पुढे ज्युडी-लिन डेल रे. त्यामुळे पोलच्या आठवणींत ‘ज्युडी’ आली की आधी साल बघावं.

नावांचा गोंधळ सनावळी पाहून सुटतो. ‘विज्ञानकथा घडवणारी संपादक’ असं दोघींबद्दलही लिहिलं जातं, तो गोंधळ मात्र तसा सुटत नाही, कारण दोघींचं काम एकमेकींच्या जवळपासही नव्हतं. मेरिल प्रामुख्याने छापून आलेल्यातून निवडायची. डेल रे काय छापायचं ते ठरवायची.

मेरिल मुळात लेखिका. तिची पहिली विज्ञानकथा ‘दॅट ओन्ली अ मदर’ जून १९४८ च्या ‘अस्टाउंडिंग’मध्ये आली. त्या काळात हे मासिक म्हणजे अभियंत्यांचा आणि यानांचा मुलूख. मेरिलच्या कथेत आहे एक बाळंतीण. अणुयुद्ध चालू आहे, किरणोत्सर्गामुळे व्यंग असलेली मुलं जन्माला येताहेत, नवरा कामानिमित्त लांब आहे. बायको त्याला पत्रांतून बाळाचं कौतुक कळवत राहते: किती हुशार आहे, कसं इतक्या लवकर बोलायला लागलं. शेवटी बाप घरी येतो, बाळाला उचलून घेतो, कपड्यावरून हात फिरवतो आणि त्याच्या ध्यानात येतं की बाळाला हातपाय नाहीतच. आईला ते दिसलेलंच नाही. हिरोशिमाला तेव्हा तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. अणुबाँबवर त्या मासिकांत पुष्कळ लिहिलं जात होतं, पण लिहिणारे तो प्रयोगशाळेतून किंवा युद्धकक्षातून बघत. मेरिलने तो पाळण्याजवळून पाहिला. १९५० च्या ‘शॅडो ऑन द हार्थ’ या कादंबरीतही तिने हेच केलं. अणुहल्ला होतो, आणि आपल्याला दिसतं ते दोन मुली घेऊन घरात अडकलेल्या एका गृहिणीला.

तिचं नाव टिकलं ते मात्र संकलनांमुळे. १९५६ पासून १९६८ पर्यंत तिने वर्षभरातल्या उत्तम विज्ञानकथांची आणि अद्भुतकथांची बारा संकलनं काढली. ती इतरांपेक्षा वेगळी ठरली याचं कारण तिचं वाचन. बाकीचे संकलनकार विज्ञानकथेची ठरलेली मासिकं चाळत. मेरिल चकचकीत मासिकं, साहित्यिक नियतकालिकं, जे हाती येईल ते वाचायची, आणि ज्याने आयुष्यात स्वतःला विज्ञानकथाकार म्हटलं नसेल अशाचीही कथा बेलाशक उचलायची. पुस्तकाच्या शेवटी वर्षाचा आढावा आणि जागेअभावी राहिलेल्या उल्लेखनीय कथांची यादी असे. आज वार्षिक संकलनांत हे सर्रास दिसतं; त्याची सवय वाचकांना लावणाऱ्यांत मेरिल आघाडीवर होती.

एखादी कथा कोणत्या रकान्यात बसते याची तिला फिकीर नव्हती, आणि इथेच तिच्यावर टीका झाली. कुंपणच काढून टाकलं तर आपलं रान कुठलं, असं जुन्या वाचकांचं म्हणणं. साठीच्या दशकात ती इंग्लंडला जाऊन राहिली, तिथल्या ‘न्यू वेव्ह’ म्हणवणाऱ्या प्रयोगशील लेखकांच्या प्रेमात पडली आणि १९६८ मध्ये ‘इंग्लंड स्विंग्ज एसएफ’ हे संकलन घेऊन अमेरिकी वाचकांसमोर उभी राहिली. ‘मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’मधलं तिचं पुस्तक-परीक्षणाचं सदरही याच सुमाराचं. त्याच न्यू वेव्हवर जाहीर टीका करणाऱ्यांत लेस्टर डेल रे पुढे होता.

आता दुसरी बाजू. ज्युडी-लिनने कथा-कादंबऱ्यांनी नाव कमावलं नाही. ती घडली कचेरीत. हाडांच्या वाढीच्या जन्मजात दोषामुळे तिची उंची अगदी कमी होती. ‘गॅलक्सी’त पडेल ते काम करत ती व्यवस्थापकीय संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोचली आणि १९७३ मध्ये बॅलन्टाइन बुक्समध्ये गेली. ही पेपरबॅक कंपनी १९५२ मध्ये इयान आणि बेटी बॅलन्टाइन या जोडप्याने काढलेली. बेटीचं नावही या इतिहासात ठळक असायला हवं, पण तो स्वतंत्र विषय आहे.

बॅलन्टाइनमधला तिचा सर्वांत गाजलेला सौदा म्हणजे ‘स्टार वॉर्स’. चित्रपट मे १९७७ चा. पुस्तक नोव्हेंबर १९७६ मध्येच बाजारात होतं. मुखपृष्ठावर जॉर्ज लुकासचं नाव होतं, लिहिलं होतं अ‍ॅलन डीन फॉस्टरने. पडद्यावर काहीच आलेलं नसताना एका बेभरवशाच्या अंतराळपटाच्या पुस्तकाचे हक्क घ्यायचे, हा शुद्ध जुगार होता. पुढे चित्रपटाने काय केलं हे जगजाहीर आहे. पुस्तकाच्या प्रती लाखांनी खपल्या.

१९७७ मध्येच ‘डेल रे बुक्स’ हे नवं नाव बॅलन्टाइनच्या पुस्तकांवर झळकू लागलं. हे लेस्टरचं दुकान आणि बायको मदतनीस, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात बॅलन्टाइनमध्ये आधी ती आली. अद्भुतकथांची बाजू सांभाळायला लेस्टर नंतर आला. विज्ञानकथा तिच्याकडे, अद्भुतकथा त्याच्याकडे, अशी वाटणी होती.

टेरी ब्रुक्सची ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ हे या छापाचं पहिलं मोठं अस्त्र. हस्तलिखित लेस्टरने निवडलं आणि लेखकाकडून पुन्हापुन्हा लिहून घेतलं. हिल्डेब्रांट बंधूंची चित्रं घातली. महाग पुठ्ठाबांधणी आणि मोठ्या आकाराची पेपरबॅक अशा दोन्ही आवृत्त्या काढल्या, आणि पेपरबॅक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत जाऊन बसली. एका अनोळखी लेखकाची पहिलीच जाडजूड अद्भुतकादंबरी तिथे पोचणं तोवर कुणी धरून चाललं नव्हतं. समीक्षकांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनची नक्कल म्हणून झोडपलं, आणि त्यात तथ्य होतंच. पण टॉल्किन वाचून संपलेल्या वाचकाला पुढे काय द्यायचं, हा प्रश्न कुणीतरी बाजाराच्या नजरेने पहिल्यांदाच गंभीरपणे घेतला होता. पुढच्याच वर्षी अ‍ॅन मॅकॅफ्रीची ‘द व्हाइट ड्रॅगन’ डेल रे बुक्सने मायकल व्हेलनच्या देखण्या मुखपृष्ठासह आणली. तीही खपाच्या यादीत गेली.

दोघींच्या नावावर ‘संकलनं’ लागतात, तिथेही नीट बघावं लागतं. डेल रेची ‘स्टेलर’ ही मालिका नव्याकोऱ्या कथांची होती. आयझॅक असिमॉव्हची ‘द बायसेन्टेनिअल मॅन’ १९७६ मध्ये प्रथम तिथेच आली. मेरिलची वार्षिकं आधी छापून आलेल्या कथांची. आणि डेल रेच्या काळात बॅलन्टाइनने जुन्या लेखकांची ‘द बेस्ट ऑफ’ मालिका चालवली. सी. एल. मूर आणि ली ब्रॅकेट या तोवरच्या दोन महत्त्वाच्या लेखिकांचे संग्रह त्यातून आले. मागे पडलेल्यांना पुन्हा रॅकवर आणण्याचं हे काम मेरिलच्या वृत्तीला शोभणारं वाटतं, पण ते घडलं डेल रेच्या घरात.

वाचक म्हणून माझा ओढा मेरिलकडे आहे. तिची जुनी वार्षिकं आजही कुतूहलाने उघडावीशी वाटतात. डेल रेच्या यशातून पुढे निघालेले तलवारी-जादूगारांचे अनेक खंड मी अर्ध्यात सोडले आहेत. पण एक हिशेब टाळता येत नाही. मेरिलने निवडलेल्या कथेवर आधी कुणीतरी पैसे लावलेले असत. डेल रेच्या टेबलावर यायची ती कोरी हस्तलिखितं. लेखकाला आगाऊ रक्कम किती, मुखपृष्ठ कुणाचं, किती प्रती छापायच्या, हे सगळं आधी ठरवायचं आणि फसलं तर उत्तरही तिनेच द्यायचं. विज्ञानकथा लिहून पूर्णवेळ पोट भरता येईल अशी परिस्थिती लेखकांसाठी जी तयार झाली, तीत या जुगारांचा वाटा मोठा आहे.

या दोघींचे रस्ते एका जागी अगदी शेजारून गेले. १९६८ मध्ये मेरिल आणि लेखिका केट विल्हेल्म यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विज्ञानकथाकारांच्या सह्या गोळा केल्या. युद्धाच्या बाजूच्या लेखकांनीही आपली यादी केली. जून १९६८ च्या ‘गॅलक्सी’त दोन्ही जाहिराती समोरासमोर छापल्या गेल्या. संपादक पोल, म्हणजे मेरिलचा माजी नवरा. आणि कचेरीत ज्युडी-लिन.

त्याच वर्षी मेरिल अमेरिकेला कंटाळून टोरोंटोला गेली ती कायमची. १९७० मध्ये तिने आपली हजारो पुस्तकं आणि मासिकं तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. ‘स्पेस्ड आउट लायब्ररी’ हे त्या विभागाचं पहिलं नाव. आता तो ‘मेरिल कलेक्शन’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर नाव दिसलं तर ते डेल रे, आणि ग्रंथालयाच्या दारावर दिसलं तर मेरिल.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार दोघींच्या वाट्याला मरणोत्तर आला. संपादकांसाठीचा ह्यूगो १९७३ मध्ये सुरू झाला, तोवर मेरिलची वार्षिकं बंद पडून काही वर्षं झाली होती. तिला तो मिळाला २००३ मध्ये, नात एमिली पोल-वेअरी हिने पुरं केलेल्या तिच्या आठवणींच्या पुस्तकासाठी. ज्युडी-लिनला मेंदूतल्या रक्तस्रावाने फेब्रुवारी १९८६ मध्ये मृत्यू आला, आणि त्याच वर्षी उत्कृष्ट संपादकाचा ह्यूगो तिला जाहीर झाला. लेस्टरने तो नाकारला. ती नुकतीच गेली म्हणून दिलेला पुरस्कार तिला स्वतःलाच पटला नसता, असं त्याचं म्हणणं होतं.