पेन ड्राइव्ह न दिसणे

पेन ड्राइव्ह न दिसणे : यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह संगणकाला जोडूनही विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये किंवा मॅकच्या फाइंडरमध्ये त्याचे चिन्ह न उमटणे. ‘पेन ड्राइव्ह गेला’ असे म्हणून तो खणात टाकून दिला जातो. प्रत्यक्षात अशा पेन ड्राइव्हांपैकी पुष्कळ गेलेले नसतात. चिन्ह उमटण्याआधी वीज पोचणे, ओळख पटणे, आतली चिप वाचली जाणे, विभाग (पार्टिशन) सापडणे आणि त्याला ‘ई:’सारखे अक्षर मिळणे अशा गोष्टी एकामागून एक घडतात. कुठलीही अडली तरी वापरणाऱ्याला अनुभव एकच येतो. त्यामुळे गाडी कुठल्या स्टेशनात थांबली ते हुडकणे हेच दुरुस्तीतले मोठे काम.

पेन ड्राइव्हमधल्या फ्लॅश स्मृतीचा, म्हणजे वीज नसतानाही माहिती टिकवणाऱ्या चिपचा, शोध तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांचा. इस्रायलच्या एम-सिस्टिम्स कंपनीने यूएसबी फ्लॅश ड्राइव्हच्या पेटंटसाठी एप्रिल १९९९ मध्ये अर्ज केला, आणि २००० साली सिंगापूरच्या ट्रेक २००० कंपनीचा ‘थम्बड्राइव्ह’ बाजारात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमने विकायला घेतलेल्या ड्राइव्हची क्षमता ८ एमबी होती. आजच्या मोबाइलमधले दोन-तीन फोटो त्यात जेमतेम मावतील. आतली रचना मात्र मुळात तीच राहिली आहे : माहिती साठवणारी नॅन्ड चिप आणि संगणकाशी बोलणारा कंट्रोलर. बिघाड शोधताना या दोघांना वेगळे धरावे लागते.

नेहमीच्या यूएसबी २.० प्लगमध्ये चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन ५ व्होल्ट विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या मुद्दाम थोड्या लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे वीज आधी पोचते. म्हणूनच ‘दिवा लागतोय, म्हणजे चालू आहे’ हा निष्कर्ष फसवा : मधल्या पट्टीवर मळ बसला असला तरी दिवा खुशाल लागतो. वीज मिळाल्यावर पेन ड्राइव्ह माहितीच्या एका तारेवरचा दाब वर खेचून आपण आल्याची खूण करतो, संगणक त्याला ‘तू कोण’ विचारतो आणि १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो. हा संवाद मध्येच तुटला की विंडोज ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ म्हणते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, कोड ४३ दिसतो. संवाद सुरूच झाला नाही तर जोडल्याचा आवाजही येत नाही.

या टप्प्यावर उपाय साधे आहेत. हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) काढून थेट जोडावे. डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट आत एका केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती केबल ढिली पडते. मागचे पोर्ट थेट बोर्डावरच असल्याने तिथे लावून पाहावे. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर (ते पोर्ट चालवणारे प्रोग्राम) मुळातून नसत, त्यामुळे जुन्या यंत्रावर निळ्या, म्हणजे ३.० च्या, पोर्टात न दिसणारा पेन ड्राइव्ह काळ्या, म्हणजे २.० च्या, पोर्टात दिसतो. सगळ्यात स्वस्त आणि निर्णायक चाचणी म्हणजे दुसरा संगणक. तिथे दिसला तर ड्राइव्ह निर्दोष.

आवाज येतो पण चिन्ह नाही, अशा वेळी विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे; जोडलेले सगळे ड्राइव्ह आणि त्यांचे विभाग तिथे दिसतात. एवढे उपयोगी दालन इतके अडगळीत का ठेवले आहे, हे कोडेच आहे. ड्राइव्ह तिथे ठीकठाक आहे पण अक्षर नाही, असे दिसले तर ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ वापरून अक्षर द्यावे. ऑफिसात हे हटकून घडते, कारण नेटवर्कवरच्या फोल्डरने ते अक्षर आधीच अडवलेले असते. एका पेन ड्राइव्हवर दोन विभाग असतील तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपूर्वी फक्त पहिलाच दिसत असे. ‘नो मीडिया’ असे लिहून आले तर कंट्रोलर बोलतो आहे, पण त्याला चिप सापडत नाही. तिथे अक्षर देऊन काही होणार नाही.

‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ दिसले की खरी कसोटी. विभागाची नोंद किंवा फाइल प्रणाली (फायली मांडून ठेवण्याची पद्धत) बिघडलेली असते, नाहीतर ड्राइव्ह लिनक्सच्या ईएक्सटी४ किंवा मॅकच्या एपीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि विंडोजला ती वाचता येत नाही. विंडोज लगेच ‘फॉरमॅट करू का?’ विचारते. आत काही हवे असेल तर नाही म्हणावे. आधी पूर्ण ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, एका फायलीत काढून घ्यावी, मग टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारखी माहिती परत मिळवणारी मोफत साधने त्या प्रतिमेवर चालवावीत. उलट गाडीतल्या म्युझिक सिस्टीमला विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा ड्राइव्ह बहुधा उमगत नाही. तिथे जुनी फॅट३२ पद्धत लागते.

महाराष्ट्रात झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्हवरून प्रिंट काढून आणणाऱ्यांना एक वेगळाच प्रकार माहीत आहे. ड्राइव्ह दिसतो, पण आत फायलींऐवजी शॉर्टकट. या ‘शॉर्टकट व्हायरस’ने मूळ फोल्डर पुसलेले नसतात, फक्त लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरस चालवून, मग ‘अॅट्रिब’ कमांडने लपवाछपवीची खूण काढली की ते परत दिसतात.

काही वेळा न दिसणे हा बिघाडच नसतो. बँका आणि अनेक कार्यालयांत यूएसबी साठवण धोरण म्हणून बंद ठेवलेली असते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००८ मध्ये, लष्करी जाळ्यात पेन ड्राइव्हवाटे शिरलेल्या संगणकी किड्यानंतर (व्हायरससारख्या, आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामनंतर), त्यांच्या वापरावर बंदीच घातली होती.

कंट्रोलर जळाला असेल तर चिप सुटी करून वाचता येते. नखाएवढ्या लहान ड्राइव्हात मात्र चिप आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात ओतलेले असतात. तिथे वरचा लेप खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या तारा जोडाव्या लागतात, आणि त्याचा खर्च नव्या ड्राइव्हच्या कितीतरी पट येतो.