वाळू उपसा आणि बायकांचे पाणी (येरळा व माणगंगा खोरे)

साताऱ्याच्या खटाव-माण आणि सांगलीच्या खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातल्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या दिसतात, पण पाणी असते वाळूच्या पोटात. बांधकामासाठी ही वाळू उपसली की पाणी भरणाऱ्या बायकांची पायपीट वाढते.

हिशेब ब्रासवर समजतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर. जाड वाळूत साधारण एक तृतीयांश पोकळी असते. ती पाण्याने भरल्यावर एकूण घनफळाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी झिरपून हाती लागते. एका ब्रासमागे ते साडेपाचशे लिटर, म्हणजे 15 लिटरच्या 36-37 घागरी. वाळू जागेवर असेल तर त्या दर पावसाळ्यात नव्याने भरतात; ट्रकमध्ये गेली की कायमच्या गेल्या.

वाळूतून पाणी काढण्यासाठी झिरा खणतात. नदीच्या वळणाला, आतल्या अंगाला थर जाड असतो, तिथे जागा धरतात. कडा पसरट ठेवाव्या लागतात, नाहीतर वाळू ढासळून खड्डा बुजतो. पहिले गढूळ पाणी दोन-तीनदा उपसून टाकायचे, निवळू द्यायचे, मग वाटीने घागरीत भरायचे, तोंडाला फडके बांधून. रात्री जनावरे तोंड घालू नयेत म्हणून वर काटेरी फांदी टाकतात. वाळू इथे गाळणीचेच काम करते.

वाळू संपली की खाली मुरूम किंवा चिकट गाळ उघडा पडतो. पूर वाहून जातो, मुरत नाही. पात्र खोल गेल्याने काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते आणि पोहऱ्याचा दोर लांबवावा लागतो. उपशाच्या खड्ड्यात साचलेले पाणी उघडे आणि न गाळलेले असते. त्याची कड उभी, त्यामुळे डोक्यावर हंडा घेऊन चढताना पाय सटकतो. गाळावर वेडी बाभूळ माजते. तिचे सरपण होते एवढाच फायदा.

पाच माणसांच्या घराला माणशी 40 लिटरने रोज 200 लिटर लागतात. हंडा-कळशी मिळून 25 लिटर धरले तर आठ खेपा. झिरा अर्धा किलोमीटर लांब गेला की रोजची चाल आठ किलोमीटरने वाढते. प्रत्यक्षात तेवढी चाल कोणी करत नाही, पाणीच कमी वापरले जाते. आधी बाईची आंघोळ आणि पाळीची फडकी धुणे यांवर गदा येते. ही काटकसर कुठल्याही पंचनाम्यात दिसत नाही.

बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी 1980 च्या दशकात वेगळा मार्ग धरला. दुष्काळी भागातल्या शेतकरी-मजुरांच्या मुक्ती संघर्ष चळवळीच्या पुढाकाराने, मर्यादित वाळू स्वतः विकून उभ्या केलेल्या पैशाचा आधार घेत येरळेवर बळीराजा धरण बांधले आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा धरला. वाळू विकण्याला विरोध नव्हता. किती विकायची आणि पैसा कुठे लावायचा, हे गाव ठरवत होते.

केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपसा तीन मीटर किंवा भूजलपातळी, यांतले जे कमी असेल त्याच्या खाली जाता येत नाही. झिऱ्याच्या नदीत दुसरी मर्यादा आधी लागते, कारण पाणी हाताच्या अंतरावरच असते. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत झिऱ्यांच्या जागा नावानिशी नोंदवल्या, तर पुढे तेवढा भाग उपशातून वगळण्याची मागणी करायला आधार मिळतो.

कराडजवळच्या टेंभूतून उचललेले कृष्णेचे पाणी आता या पट्ट्यात पोहोचले आहे. पण वीजबिल थकले की उपसा योजनांचे पंप बंद पडल्याचे प्रसंग घडलेले आहेत. अशा वेळी घागर पुन्हा नदीकडेच वळते, आणि जुन्या झिऱ्याच्या जागी खणताना खोऱ्याला मुरूम लागतो.