ऑप्टिकल ट्रान्सीव्हरचे आकारप्रकार

स्विच किंवा राउटरच्या पोर्टमध्ये खोचायचे, विजेच्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाची पुन्हा वीज करणारे बोटाएवढे उपकरण म्हणजे ऑप्टिकल ट्रान्सीव्हर. त्याची लांबी-रुंदी, मागच्या सोनेरी पट्ट्यांची मांडणी, खटका आणि वीज खाण्याची मर्यादा यांचा ठरलेला साचा म्हणजे त्याचा आकारप्रकार, अर्थात फॉर्म फॅक्टर. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या आयटी कंपन्यांच्या भागात नेटवर्क सांभाळणारी मराठी मंडळी घरात मराठी आणि कामावर हिंदी बोलतात, पण दोन्हीकडे या वस्तूला सरसकट ‘एसएफपी’च म्हणतात, खरे तर ते एकाच आकारप्रकाराचे नाव. बोलण्यापुरते ते चालते. माल मागवताना मात्र आकार, तरंगलांबी आणि अंतर ही तिन्ही लिहावी लागतात.

हे साचे अनेक उत्पादक मिळून ठरवतात. त्या कराराला एमएसए म्हणतात. त्यामुळे एकाच्या स्विचमध्ये दुसऱ्याचे मॉड्यूल बसते. तरीही मॉड्यूलच्या आतल्या मेमरीत उत्पादकाचे नाव नोंदलेले असते आणि काही स्विच ते वाचून परके मॉड्यूल नाकारतात.

१९९५ च्या सुमारास आलेला जीबिक हा साचा आज जुन्या रॅकमध्येच दिसते. त्याच्या जवळपास निम्म्या आकाराचे, सुमारे साडेतेरा मिलिमीटर रुंद एसएफपी २००१ मध्ये आले आणि टिकले. सेकंदाला दहा गिगाबिटच्या वेगासाठी आधी झेनपॅक, एक्स-टू, एक्सएफपी असे ऐसपैस साचे निघाले. मग संकेत सावरणारे काही सर्किट मॉड्यूलमधून काढून स्विचच्या बोर्डावर नेले, तेव्हा तोच वेग एसएफपीच्याच अंगात मावला. तो एसएफपी प्लस. एसएफपी २८ मध्ये हेच अंग २५ गिगाबिट वाहते.

शंभर गिगाबिटची गोष्ट अशीच घडली. पहिले सीएफपी ८२ मिलिमीटर रुंद होते. नावातला ‘सी’ हा रोमन शंभराचा. पुढे प्रत्येकी २५ गिगाबिटच्या चार वाटा, म्हणजे लेन, क्यूएसएफपी २८ मध्ये आल्या, रुंदी अवघी १८ मिलिमीटर, आणि एका यू (रॅकमधल्या एका खणाच्या) उंचीच्या स्विचवर ३२ पोर्ट बसू लागले. चारशे गिगाबिटसाठी ५० च्या आठ वाटा लागल्या. क्यूएसएफपी-डीडीने त्यासाठी पट्ट्यांची दुसरी रांग जोडली, म्हणून जुने क्यूएसएफपी २८ त्याच पोर्टमध्ये चालते. ओएसएफपी साडेबावीस मिलिमीटर रुंद असते, उष्णता टाकणारे पंख त्याच्या अंगावरच असतात. जुने मॉड्यूल त्यात अडॅप्टरशिवाय बसत नाही. नवी यंत्रणा उभारताना ओएसएफपी मोकळेपणाने घ्यावे, पण जुने मॉड्यूल हाताशी असतील तर डीडीच सोयीचे.

आकार लहान होत गेला तशी उष्णता मोठी अडचण झाली. साधे एसएफपी एक वॉटच्या आसपास खाते, क्यूएसएफपी २८ साडेतीनपर्यंत, तर लांब पल्ल्याचे चारशे गिगाबिटचे मॉड्यूल पंधरा किंवा अधिक. असे ३२ मॉड्यूल म्हणजे एका स्विचच्या तोंडाशीच ४८० वॉट. इंदूरच्या मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असताना सर्व्हर रूमचा एसी बंद पडला, तर आधी मॉड्यूलचे तापमान पाहावे. साध्या दर्जाच्या मॉड्यूलच्या आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सियस असते.

आकारावरून अंतर कळत नाही. एकाच एसएफपी प्लसच्या अंगात ८५० नॅनोमीटरचा लेझर ओएम ३ या मल्टिमोड (जाड गाभ्याच्या, जवळच्या अंतराच्या) फायबरवर ३०० मीटर, तर सिंगल मोड (बारीक गाभ्याच्या) फायबरवर १३१० चा १० किलोमीटर आणि १५५० चा ४० किलोमीटर जातो. इंदूर ते महू सुमारे २३ किलोमीटर, म्हणजे तिथे दहाचे मॉड्यूल पुरत नाही. उलट चाळीसचे मॉड्यूल शेजारच्या रॅकला छोट्या पॅच कॉर्डने जोडले तर प्रकाश अति होऊन रिसीव्हर गुदमरतो. मध्ये प्रकाश मंद करणारा अ‍ॅटेन्युएटर घालावा लागतो. मॉड्यूल ओढून काढायच्या खटक्याच्या दांडीचा रंग खूण देतो, ८५० ला बहुधा काळा आणि १३१० ला निळा, पण खात्री लेबलवरूनच करावी.

माळव्याची काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात दाराच्या फटीतूनही आत येते. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा. तिथे एक कण बसला तरी प्रकाश अडतो. म्हणून मॉड्यूल बदलताना आधी पॅच कॉर्ड काढावी, तिच्या टोकाला टोपी लावावी, मग दांडी खाली ओढून मॉड्यूल सरळ बाहेर घ्यावे आणि त्याच्या तोंडातही रबरी बूच लगेच बसवावे.