मोठ्या घरगुती फिशटँकचे पंप आणि प्लंबिंग

टँकमधलं पाणी फिल्टरकडे नेणारे आणि परत वर आणणारे पाइप, व्हॉल्व्ह, ओव्हरफ्लो (म्हणजे काठाशी आलेलं पाणी खाली सोडणारी वाट) आणि हे सगळं पाणी फिरवत ठेवणारा पंप, या पूर्ण जोडणीला फिशटँकचं प्लंबिंग म्हणतात. लहान टँकमध्ये हा विषय फारसा येतच नाही, काचेला एक हँग-ऑन फिल्टर लावला की झालं. पण टँक 400-500 लिटरच्या पुढे गेला की बहुतेक जण खाली कपाटात संप ठेवतात, म्हणजे दुसरी एक टाकी, जिच्यात फिल्टर मीडिया (पाणी गाळणारा स्पंज, खडे वगैरे), हीटर, स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) वगैरे सगळं बसतं. वरचं पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो, तेही दिवसाचे 24 तास आणि वर्षाचे 365 दिवस. सतत चालणाऱ्या यंत्राचा 1 वॅट म्हणजे वर्षाला 8.76 युनिट वीज, त्यामुळे पंपाच्या किमतीपेक्षा त्याचे वॅट जास्त महाग पडतात. बहुतेक लोक आधी पंप घेतात आणि मग हाताला लागेल तो पाइप त्याला जोडतात, खरं तर क्रम उलटा हवा.

हेड म्हणजे काय

पंपाला पाणी ज्या विरोधाविरुद्ध ढकलावं लागतं तो विरोध मीटरमध्ये मोजतात, त्याला हेड म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला म्हणजे उंची, आणि ती संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या टँकमधल्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजायची. पंप संपमध्ये किती खोल बसवलाय याने काही फरक पडत नाही, आणि पाइप काचेच्या कडेवरून वर जाऊन खाली पाण्यात उतरत असेल तर तो जास्तीचा उंचवटाही धरायचा नाही, कारण पाइप पूर्ण भरलेला असला की वर चढायला लागलेलं बळ उतरताना परत मिळतं. दुसरा भाग म्हणजे घर्षण, पाइपच्या भिंतीचं, एल्बोंचं (म्हणजे पाइप वळवणाऱ्या कोपऱ्यांचं), व्हॉल्व्हचं. उंची ठरलेली असते, तिला आपण काही करू शकत नाही. घर्षण मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे छापलेले असतात, ताशी किती लिटर आणि कमाल हेड किती. नवख्यांची फसगत इथेच होते, कारण हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. लिटरचा आकडा शून्य हेडला असतो, आणि कमाल हेडला पाण्याची एक धारही बाहेर येत नाही. मधलं सगळं पंपाच्या कर्व्हवर असतं, म्हणजे किती हेडला किती पाणी मिळेल ते दाखवणाऱ्या आलेखावर. कंपनी कर्व्ह देत नसेल तर तो पंप न घेतलेलाच बरा, कारण मग आपण नेमकं काय घेतोय तेच कळत नाही.

पाइपचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. टँक 200 बाय 60 बाय 60 सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ 720 लिटर. रिटर्न ताशी 4000 लिटर हवाय, उंची 1.3 मीटर, पाइप 3 मीटर आणि एल्बो चार. आतला व्यास 25 मिलिमीटर असेल तर पाण्याचा वेग सेकंदाला 2.26 मीटर होतो, सरळ पाइपमध्येच साधारण 0.64 मीटर हेड जातं, चार एल्बो मिळून अजून 0.9 मीटरच्या आसपास खातात, तोंडातून बाहेर पडताना पाव मीटर जातं, आणि सगळी बेरीज 3.1 मीटरवर पोहोचते. आता तेच पाणी आतून 40 मिलिमीटरच्या पाइपमधून सोडा. वेग 0.9 मीटरच्या खाली येतो, सगळं घर्षण मिळून पाव मीटर, एकूण हेड 1.55 मीटर. म्हणजे थेट निम्मं! ताशी 4000 लिटर 3.1 मीटर चढवायला पाण्याला प्रत्यक्ष 34 वॅट द्यावे लागतात, 1.55 मीटरला 17. पंपाची कार्यक्षमता 25 टक्के धरली तर एकीकडे 135 वॅटचा पंप लागतो आणि दुसरीकडे 68 वॅटचा. वर्षाला 590 युनिटच्या आसपास फरक, तोही फक्त पाइपच्या जाडीमुळे, आणि जाड पाइप घ्यायचा खर्च एकदाच येतो.

याचं कारण असं की तेवढंच पाणी न्यायचं असेल तर घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने कमी होतं. व्यास दुप्पट केला की घर्षण साधारण बत्तिसाव्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे पंपाचं तोंड 25 मिलिमीटरचं आहे म्हणून पूर्ण लाइन 25 ची ठेवायची हा हिशोब चुकीचा आहे, पंपाच्या तोंडाशीच रिड्यूसर (दोन वेगळ्या जाडीचे पाइप जोडणारा तुकडा) उलटा लावून पाइप मोठा करून टाकायचा. वेग सेकंदाला 1 ते 1.5 मीटरच्या आत राहिला की पुरे, त्याहून फार जाड करून काही हाती लागत नाही.

पाइप घेताना एक बारीक गोष्ट बघायची असते. मिलिमीटरमध्ये विकला जाणारा प्रेशर पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखला जातो, म्हणजे 32 चा पाइप आतून 32 नसतोच, भिंतीची जाडी वजा होते. इंचवाल्या पाइपचं माप तर नुसतं नावापुरतं असतं. वर्नियर लावून आतून मोजणं सगळ्यात सोपं. होज बार्ब, म्हणजे नळी अडकवायचा खाचेदार तुकडा, पाइपपेक्षाही आतून अरुंद असतो आणि अख्ख्या लाइनचा गळा तिथेच आवळला जातो.

छोट्या त्रिज्येचा 90 अंशाचा एल्बो साधारण 30 ते 40 व्यास लांबीच्या सरळ पाइपएवढा अडथळा करतो. त्याऐवजी लांब वळणाचा बेंड लावला तर बराच फायदा होतो. वाकणारा पाइप असेल तर वळणाला एल्बो लागतच नाही, आणि पंपाची थरथरही कपाटापर्यंत पोहोचत नाही.

सगळं पाणी वर चढवायलाच हवं का

टँकच्या आत प्रवाह हवा असतो म्हणून मोठा रिटर्न पंप लावणं ही जुनी सवय आहे, आणि वीज वाया घालवायचा याहून सोपा मार्ग नाही. संपमधून तासाला टँकच्या 3 ते 5 पट पाणी फिरलं तरी फिल्टर, हीटर आणि स्किमरला ते भरपूर होतं. कोरलच्या टँकमध्ये प्रवाह 20 पट आणि त्याहून जास्त लागतो, पण तो आत काचेला चिकटवलेल्या प्रोपेलरच्या पंपाने द्यायचा, ज्याला सगळे वेव्हमेकर म्हणतात. त्याला पाणी उचलावं लागत नाही, फक्त ढकलावं लागतं, त्यामुळे 20 वॅटच्या आसपास तो ताशी 10,000 लिटर आरामात हलवतो. तेवढंच पाणी संपमधून वर चढवायला कित्येक पट वॅट लागतील.

कॅनिस्टर फिल्टरचं, म्हणजे टँकबाहेर ठेवलेल्या बंद डब्यातल्या फिल्टरचं, गणितही इथेच समजतं. ते बंद चक्र असतं, पाणी जेवढं खाली येतं तेवढंच वर जातं, म्हणून उंचीचा हिशोब शून्य आणि उरतं ते फक्त नळ्यांचं आणि मीडियाचं घर्षण. मीडिया चोंदला की मात्र प्रवाह झपाट्याने पडतो. गोड्या पाण्याच्या झाडांच्या टँकसाठी हा प्रकार चांगला, कारण ओव्हरफ्लोच्या धबधब्यात कार्बन डायऑक्साइड उडून जातो.

पंप कुठला

छोट्या एसी पंपात कायमचुंबकाचा रोटर असतो आणि सुरू होताना तो कुठल्याही दिशेने फिरू शकतो, म्हणून त्याच्या इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती सरळ ठेवलेली असतात, वाकडी ठेवली तर एका दिशेला चालतील आणि दुसऱ्या दिशेला नाही. पण सरळ पात्यांनी कार्यक्षमता मार खाते. डीसी पंपात कंट्रोलर दिशा ठरवतो, त्यामुळे पाती वाकडी करता येतात आणि वेगही कमी-जास्त करता येतो. सूत्राप्रमाणे वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा, हेड पाव आणि वीज आठवा हिस्सा. ऐकायला छान आहे, पण उंची मध्ये येते. कमाल हेड 4 मीटर असलेला पंप निम्म्या वेगाला जेमतेम 1 मीटर चढवेल, आपल्याला 1.3 हवेत, म्हणजे पंप फिरत राहील आणि वर थेंबही जाणार नाही. खूप मोठा डीसी पंप घेऊन तो कायम कमी वेगाला चालवायचा बेत असेल तर आधी हे तपासा.

पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो ती सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते, 100 वॅटचा पंप म्हणजे कायम चालू असलेला 100 वॅटचा हीटर. थंडीत चालून जातं, पण टँकला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) असेल तर तीच उष्णता बाहेर काढायला परत वीज लागते. बाहेर बसवलेल्या पंपात मोटरची बरीचशी उष्णता हवेत जाते, मात्र सील झिजलं की गळती सुरू होते.

प्रवाह कमी करायचा तर व्हॉल्व्ह नेहमी पंपाच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या बाजूला लावायचा. ओढणाऱ्या बाजूला आवळला की पंप उपाशी राहतो, कॅव्हिटेशन होतं (दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात), आवाज येतो आणि लाइनमध्ये कुठे फट असेल तर हवा ओढली जाऊन टँकमध्ये बारीक बुडबुड्यांचं धुकं पसरतं.

खाली येणारं पाणी आणि लाइट गेल्यावर

ओव्हरफ्लोचे डर्सो, हर्बी आणि बीनअ‍ॅनिमल हे प्रकार जास्त चालतात. डर्सोत एका उभ्या पाइपमधून हवा आणि पाणी मिळून उतरतं, थोडी गुळगुळ होते. हर्बीत मुख्य पाइप पूर्ण भरून सायफनने चालतो, म्हणजे हवा न शिरता पाणी सलग ओढलं जातं, आणि त्यावर गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून हळूहळू उघडणारा) लावून पातळी जमवतात, शेजारी दुसरा पाइप आणीबाणीचा. बीनअ‍ॅनिमलमध्ये तीन पाइप असतात, एक सायफनचा, एक थोडंसं पाणी उघडं नेणारा आणि तिसरा कोरडा ठेवलेला, आणि हा सगळ्यात शांत. बॉल व्हॉल्व्हने (पाव फेऱ्यात पूर्ण उघडणाऱ्या) सायफन नीट जमत नाही, केसभर फिरवला की पातळी इंचभर हलते, म्हणून गेट व्हॉल्व्हच हवा. आणीबाणीच्या पाइपची परीक्षा घ्यायलाच हवी, मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून बघायचं की तो एकटा सगळं पाणी नेतो का.

लाइट गेली की रिटर्नच्या पाइपमधून उलटा सायफन सुरू होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी संपमध्ये येत राहतं. वरच्या उदाहरणातल्या टँकमध्ये 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे 12 लिटर, तोंड 5 सेंटीमीटर बुडालेलं असेल तर 60 लिटर, वर ओव्हरफ्लो बॉक्समधलं आणि पाइपमधलं वेगळंच. एवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला भोक पाडतात म्हणजे तिथून हवा शिरून सायफन तुटतो, पण भोकात शेवाळ बसतं, ते अधूनमधून साफ करावं लागतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर एकट्यावर विसंबायचं नाही, एखादी शिंपली किंवा वाळूचा कण अडकला की तो उघडाच राहतो, शिवाय घर्षण वाढवतो ते वेगळंच.

जोडणीची किरकोळ कामं

समुद्री टँकमध्ये तांबं आणि पितळ कुठेही नको, तांब्याने कोरल, झिंगे मरतात. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारे जोड) लावले की तो करवत न लावता निघतो. प्लॅस्टिकचे आटे पान्याने जास्त आवळले की आतल्या आट्याचा तुकडा तडकतो, टेफ्लॉन टेप आणि हाताचा जोर पुरतो. सगळ्या वायरी सॉकेटपेक्षा खाली लोंबवून मग वर न्यायच्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकतं, आणि लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवा.

चालू झाल्यावर खरा प्रवाह मोजायचा तर खाली येणाऱ्या पाइपाखाली 20 लिटरची बादली धरायची, ताशी 4000 लिटर असेल तर ती 18 सेकंदांत भरते. सोबत प्लगमधल्या वॅटमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. काही महिन्यांनी बादली भरायला 25 सेकंद लागायला लागले की बहुतेक वेळा इम्पेलरवर क्षार बसलेला असतो किंवा पाइपच्या आत शेवाळाचा आणि किड्यांचा थर जमलेला असतो. पंप उघडून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की क्षार सुटतो, पाइप मात्र लांब ब्रशनेच घासावा लागतो, आणि लाइनमध्ये युनियन नसतील तर तो ब्रश आत घालायला जागाच नसते.