चेहरा जुना, हाडे नवी

१९५९ सालच्या मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीचे दार आतून उघडण्यासाठी मूठ नव्हती. दाराला आडवी ताणलेली दोरी ओढली की दार उघडत असे. खिडकीची काच खाली उतरत नसे, ती आडवी सरकत असे, आणि त्यामुळे दाराच्या पोटात काच किंवा ती वरखाली करणारी यंत्रणा ठेवण्याची गरजच नव्हती. त्या पोकळीचा ऐसपैस खण झाला आणि बसणाऱ्याच्या कोपरालाही जागा मिळाली. २००१ साली बीएमडब्ल्यूने जुनाच चेहरा ठेवून आणलेल्या नव्या मिनीच्या दारात मात्र काच आहे, मोटर आहे आणि बाजूने धडक बसली तर ती झेलणारा पोलादी दांडा आहे. गाडीची रुंदी १.४१ मीटरवरून १.६९ मीटरवर गेली, ती काही अंशी अशा जाड झालेल्या भिंतींमुळे.

जुन्या मिनीचा आकार कोणी 'सुंदर' म्हणून रेखाटलेला नव्हता. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे चार माणसे बसतील अशी, पण शक्य तितकी छोटी गाडी मागितली. त्याने इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली वंगणतेलाच्या टाकीतच घातला, चाके अवघ्या १० इंचांची घेतली आणि स्प्रिंगांऐवजी ॲलेक्स मोल्टन या अभियंत्याने घडवलेले रबराचे शंकू वापरले. ३.०५ मीटर लांबीच्या त्या गाडीत जमिनीचा सुमारे ८० टक्के भाग माणसे आणि सामान यांच्या वाट्याला आला. या काटकसरीची किंमतही होती: सुरुवातीच्या गाड्यांत ठिणगीसाठी सिलिंडरांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीमागेच असल्याने जोराच्या पावसात तो भिजून इंजिन बंद पडत असे. आपल्याकडच्या आषाढात त्या गाडीचे काय झाले असते, याची कल्पना करता येते.

नवी मिनी ३.६३ मीटर लांब आणि वजनाने जवळजवळ दुप्पट, सुमारे ११०० किलोंची आहे. ही वाढ निव्वळ हौसेची नाही, तिच्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणारी गाडी पुढचा पत्रा ३० सेंटिमीटर चुरगळून थांबली, तर पट्टा बांधून बसलेल्या माणसाच्या वाट्याला गुरुत्वाच्या सरासरी ३३ पट त्वरण येते. ६० किलोंच्या माणसावर तेवढा वेळ जणू दोन टनांचे ओझे पडते. चुरगळण्याचे तेच अंतर ६० सेंटिमीटर मिळाले, तर ते ओझे निम्म्यावर येते. म्हणजे नाकापुढची वाढलेली लांबी हा माणूस आणि भिंत यांच्यामध्ये ठेवलेला वेळ आहे, आणि त्यासाठी मागच्या आसनावरच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळाली असती ती जागा खर्ची पडली आहे. तरीही माझी तक्रार उरतेच: मोठी गाडी असल्याचा आव न आणता चौघांना नीट बसवणे हा मूळ गाडीचा प्राण होता, आणि नव्या मिनीच्या मागच्या आसनावर बसल्यावर तो फारसा जाणवत नाही.

फियाट ५०० ची गोष्ट त्याहून मजेशीर आहे. फियाट या इटालियन कंपनीचा अभियंता दान्ते जाकोसा याने घडवलेली ही गाडी ४ जुलै १९५७ रोजी आली. तिचे ४७९ सीसीचे, दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि जेमतेम १३ अश्वशक्तीचे इंजिन मागे होते. पुढे थंड करायला काहीच नसल्यामुळे नाकाला जाळीही नव्हती, फक्त चमकदार मिशीसारखी एक पट्टी होती. बरोबर ५० वर्षांनी, ४ जुलै २००७ रोजी, आलेल्या नव्या ५०० मध्ये इंजिन पुढे आहे आणि त्याला थंड हवा हवीच आहे. तरीही मिशीचा तो बिनजाळीचा चेहरा जसाच्या तसा ठेवला असून हवा खालच्या बंपरमधल्या फटींतून घेतली आहे. जुना चेहरा 'इथे इंजिन नाही' असे खरे सांगत होता. नवा चेहरा तेच सांगतो, पण ते खरे नाही. फोक्सवॅगनच्या १९९८ च्या न्यू बीटलमध्येही असेच झाले: घुमटाकार रेषा राखण्यासाठी पुढची काच इतकी पुढे गेली की चालकासमोरचा डॅशबोर्ड एखाद्या ओट्यासारखा खोल झाला, आणि मूळ बीटलच्या मागे असलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाऐवजी पुढे बॉनेटखाली त्याच कंपनीच्या गोल्फ या गाडीचे पाण्याने थंड होणारे इंजिन होते.

इंजिनांच्या प्रगतीबद्दल मात्र कुरकुर करण्यासारखे काही नाही. २०१० मध्ये फियाट ५०० ला पुन्हा दोन सिलिंडरचे इंजिन मिळाले. ८७५ सीसीतून टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) मदतीने ते ८५ अश्वशक्ती देते. दर लिटरमागे हिशेब केला तर जुन्या इंजिनाच्या साडेतीन पटींहून अधिक. सुरक्षिततेचे मोजमापही स्थिर राहत नाही: २००७ मध्ये युरो एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणाऱ्या याच गाडीला २०१७ मध्ये तीनच मिळाले, कारण मधल्या काळात चाचण्या कडक झाल्या होत्या.

या सगळ्यात खरी वारसदार गाडी कोणती, हे चेहऱ्यावरून कळत नाही. मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाखाली होता, दोघांना एकच तेल पुरवावे लागे आणि दुरुस्तीला अडचण येई. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत त्याच जाकोसाने गिअरबॉक्स आडव्या इंजिनाच्या टोकाला जोडला आणि चाकांकडे शक्ती नेणारे दोन दांडे, एक आखूड व एक लांब, असे ठेवले. नवी मिनी आणि नवी फियाट ५००, दोघीही कातडीखाली त्याच मांडणीवर चालतात. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा मूळ साचा असलेली फियाट ११०० हीसुद्धा जाकोसाचीच, पण तिचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, होते आणि तिची मागची चाके गाडीला ढकलत. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये मात्र बॉनेट उघडले की आडवे इंजिन आणि त्याच्या टोकाला गिअरबॉक्स एका ओळीत दिसतो, आणि गाडी जॅकवर उचलली की खाली ते दोन असमान दांडेही दिसतात.