संत्रं पळतं, वाळा बसून राहतो

संत्र्याची साल पेटत्या मेणबत्तीजवळ धरून चिमटीत दाबली की तडतड ठिणग्या उडतात. लहानपणी हा उद्योग केला नाही असं मूल विरळाच. ते जळणारे तुषार म्हणजे सालीतलं सुगंधी तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि ते हवेत उडून जायला टपलेलंच असतं.

घरासाठी सुवासिक तेलं मिसळताना खरी गोम इथेच आहे. वास आवडले म्हणून दोन तेलं एकत्र केली, तरी ती एका वेगाने उडत नाहीत. लिमोनीनचा रेणुभार 136, लव्हेंडरमधल्या लिनालूलचा 154, चंदनातल्या सॅन्टॅलॉलचा 220. रेणू जितका जड आणि शेजाऱ्यांना जितका घट्ट धरून बसलेला, तितका तो सावकाश सुटतो. वहीच्या कागदाच्या तीन पट्ट्यांवर संत्रं, लव्हेंडर आणि वाळा यांचा एकेक थेंब टाकून बघा. संत्रं काही तासांतच गाशा गुंडाळतं, लव्हेंडर त्याच्यामागून पुसट होत जातं, वाळ्याची पट्टी मात्र दुसऱ्या दिवशीही ओल्या मातीसारखी दरवळते. विल्यम पाउचर या इंग्रज सुगंधतज्ज्ञाने अशाच पट्ट्या हुंगत बसून तेलांना टिकाऊपणाचे 1 ते 100 क्रमांक दिले होते. चंदन आणि पचौली (एका सुवासिक पानाचं तेल) 100 वर!

जड तेल नुसतं मागे उरत नाही, हलक्यालाही थोडं अडवून धरतं. मिश्रणात एखाद्या घटकाचं प्रमाण घटलं की त्याचा बाष्पदाबही, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोरही, घटतो. कनौजच्या अत्तरवाल्यांना हे सूत्राशिवायच उमगलं होतं. देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, गुलाब किंवा मोगरा उकळायचा आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात सोडायची. फुलाचा वास चंदनाच्या आधाराने टिकतो.

माझं नेहमीचं प्रमाण म्हणजे संत्र्याचे सहा थेंब, लव्हेंडरचे तीन, वाळ्याचा एकच. एकदा हौसेने लवंगतेल सढळ हाताने ओतलं आणि आख्खं घर दातांच्या दवाखान्यासारखं झालं. त्यात नवल नाही, कारण दोन्हीकडे वास लवंगेतल्या युजेनॉल या एकाच द्रव्याचा. तेव्हापासून लवंग काडीच्या टोकाने.

मिश्रण गडद बाटलीत, गच्च बूच लावून ठेवा. हवा लागली की लिमोनीनचं ऑक्सिडीकरण होतं आणि असं शिळं तेल त्वचेला चुरचुरतं. बाटली पोरांच्या हाताला लागू देऊ नका. घरात मांजर असेल तर हा नाद सोडलेलाच बरा, तिच्या यकृताला यातले बरेच पदार्थ पचवता येत नाहीत.

आणि अर्ध्या तासाने वास येईनासा झाला म्हणून आणखी थेंब टाकायला धावू नका. तेल संपलेलं नसतं, नाक सरावलेलं असतं. जिन्यात जरा फेरी मारून या, दार उघडताच कळेल.