‘समजलं’ आणि ‘येतं’

दहावीच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘समजलं’. “मॅडम, घरी व्हिडिओ बघितला, सगळं समजलं.” आणि चाचणीच्या दिवशी तेच मूल कोऱ्या कागदाकडे बघत बसलेलं असतं. घरी आईने विचारलं की उत्तर ठरलेलं: “येत होतं गं, ऐन वेळी आठवलं नाही.”

नाशिकच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवते. आधी मला वाटायचं, पोरं थापा मारतात. आता वाटत नाही. त्यांना खरोखर समजलेलं असतं, फक्त येत नसतं. हे दोन शब्द आपण इतके सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, की त्यांच्यातली दरी निकाल लागेपर्यंत दिसतच नाही.

दुसऱ्याने टाकलेलं पाऊल बरोबर आहे हे पटणं म्हणजे समजणं. पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे स्वतः ठरवता येणं म्हणजे येणं.

प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती त्यांना एकाच प्रमाणात विभागते. सिद्धता लांब नाही. समांतर रेषा जिथे छेदते ते दोन बिंदू समोरच्या शिरोबिंदूंना जोडायचे. मग समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळं पायांच्या प्रमाणात असतात हे एकेका बाजूसाठी वापरायचं आणि शेवटी, एकच पाया असलेले, दोन समांतर रेषांमधले त्रिकोण सारख्या क्षेत्रफळाचे म्हणून दोन्ही गुणोत्तरं जुळवायची. व्हिडिओत हे सात-आठ मिनिटांत होतं. पडद्यावर दोन लाल रेषा आपोआप उमटतात, त्रिकोण रंगतात, मूल मान हलवतं. या सिद्धतेतली खरी अवघड जागा म्हणजे त्या दोन लाल रेषा. त्या जोडाव्यात हे सुचणं! बाकी सगळं त्यांच्या मागून ओळीने येतं. आणि नेमकी तीच जागा पडद्याने मुलाच्या वतीने पार केलेली असते. कागदावर ‘पक्ष’ लिहून होतो, ‘साध्य’ लिहून होतं, ‘सिद्धता’ हा शब्दही लिहून होतो, आणि पेन थांबतं.

मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन या अमेरिकेतल्या संशोधकांचे याच गोष्टीवरचे प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाले. डार्ट फेकणं, मूनवॉक करणं असल्या कसबांचे व्हिडिओ काही जणांना एकदा दाखवले, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांचा ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला. प्रत्यक्ष करायला लावल्यावर मात्र ते इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत.

यात सगळा दोष मोबाईलच्या माथी मारणं सोपं आहे, आणि स्टाफरूममध्ये आम्ही ते मन लावून करतो. पण मी फळ्यावर सुबक अक्षरात गणित सोडवते, तेव्हा मी तरी दुसरं काय करते? माझा तासही एक व्हिडिओच, फक्त मागे न्यायची सोय नाही. फरक एवढाच की मला समोरच्या कपाळावरची आठी दिसते आणि मी थांबते. पूर्वी गाईडंही होतीच, पण ती इतकी रटाळ असायची की वाचून कोणाला आपण हुशार झाल्यासारखं वाटत नसे.

आणि काही ठिकाणी अडचण समजण्याचीच असते. महत्त्वमापनातला शंकुछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, मी वर्षानुवर्षं खडूने काढत आले, आणि दरवर्षी तो बादलीसारखा कमी आणि चेपलेल्या भांड्यासारखा जास्त दिसला. आता बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर साहित्य उघडतं. पडद्यावर शंकू कापला जाऊन फिरताना दिसला, की माझा अर्धा तास वाचतो. तिथे फळ्याचा हट्ट कशाला? (फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स मात्र वेगळी. त्यांतून वही पूर्ण होते, बस.)

आपल्याला समजलंय की येतंय हे ओळखायचं कसं? लगेच तपासून नीट कळत नाही, मध्ये काही दिवस जावे लागतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार सत्रं वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, साधारण 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. म्हणजे रात्री व्हिडिओ संपल्या संपल्या येणारी खात्री ही त्या पाच मिनिटांची.

म्हणून आता मी व्हिडिओ बघू नका असं सांगत नाही. लाल रेषा उमटायच्या आधी थांबवा आणि तुम्ही कुठली रेषा काढाल ते वहीत काढा, असं सांगते. चुकली तरी चालेल, आधी काढा. मग फोन पालथा, आणि तेच प्रमेय आठ दिवसांनी कोऱ्या पानावर. मुलं कुरकुरतात. “मॅडम, समजलंय ना, परत कशाला?”

हा फरक सगळ्यात आधी कळला तो मखमलाबादकडून येणाऱ्या एका मुलीला. घरी द्राक्षबाग. गेल्या ऑक्टोबरात गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीच्या, दिवसांत मी तिच्याकडे गेले होते. इतकी वर्षं नाशिकमध्ये राहून छाटणी मी शंभरदा पाहिली असेल: काडी धरायची, तिच्यावरचे डोळे (जिथून फुटवा येतो त्या जागा) मोजायचे, कात्री चालवायची. तिच्या वडिलांनी हसत कात्री माझ्या हातात दिली. मी काडी धरली, डोळे मोजले, आणि कितव्या डोळ्यावर कापायचं तिथे अडले. प्रत्येक काडी वेगळी होती. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “लाल रेषा.”